कुंपणातले शिंपले

हार्मनमध्ये आर्डिथबाईंच्या हाताखालून न गेलेला माणूस शोधायचा तर थेट कबरस्तानात जावं लागेल, आणि तिथेही जुन्या बाजूला. नव्या बाजूला त्यांचे दोन-चार विद्यार्थी आहेतच. गावच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आधी बापांना, मग त्यांच्या पोरांना, त्याच खोलीत, त्याच खिडकीशी उभं राहून. बाहेर गव्हाची कोठारं आणि त्यापलीकडे कॅन्सासचं आभाळ, एवढाच काय तो देखावा. पोरांचं लक्ष विचलित व्हायला बाहेर काहीच नाही, हे आमच्या शाळेचं मोठं भाग्य, असं त्या म्हणायच्या.

उंच, हाडकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा पोरगा दचकून स्वतःचं नाव सांगायचा. आणि तोंडात एक शब्द कायमचा बसलेला: "कशावरून?" पोरगं म्हणालं बेडूक थंड रक्ताचा असतो, की बाई म्हणणार, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हटलं तर आणखी चिडणार. पुस्तकाला कसं कळलं ते सांग. गावात या शब्दाची थट्टा झाली नाही असा दिवस गेला नसेल. कोठारावर कुणी म्हणालं, यंदा गहू ओला आहे, की दुसरा बाईंच्या आवाजात ओरडायचा, "कशावरून?" आणि सगळे खो खो हसायचे. बाईंना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. आपण मेल्यावर एवढं जरी मागे राहिलं तरी पुष्कळ झालं, असं त्यांना वाटायचं.

हा शब्द त्यांना आजोबांच्या शेतावर सापडला. आमच्याकडे झाडं नाहीत, म्हणून जुन्या लोकांनी कुंपणाचे खांबसुद्धा दगडाचे केले. जमिनीखालचा पिवळट चुनखडीचा थर उघडा करायचा, ओळीनं भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, की माणसाएवढा खांब सरळ सुटून येतो. आर्डिथ लहान असताना आजोबा एका मोडक्या खांबाच्या जागी नवा काढत होते. दगड फुटला, आणि आत तळहाताएवढा शिंपला. दुसऱ्या बाजूला आणखी तीन. जिथून समुद्र गाठायला दोन दिवस गाडी हाकावी लागते, तिथे शिंपले!

"आजोबा, हे इथे कसे?"

"नोहाच्या वेळचा पूर. बायबलात आहे ना, सगळी पृथ्वी बुडाली होती."

"पण कशावरून?"

"बायबलात आहे म्हणून. जा, पाणी घेऊन ये."

ती पाणी घेऊन आली. पण प्रश्न काही गेला नाही. पुढे कॉलेजात एका तासाला कुणीतरी फळ्यावर नकाशा काढला आणि सांगितलं, की ही सगळी भूमी एके काळी समुद्राखाली होती. एक-दोन दिवस नव्हे, लाखो वर्षं. तेव्हा आर्डिथ वर्गात रडली होती. शेजारच्या मुलीला वाटलं, हिला घरची आठवण आली. एका अर्थी ते खरंच होतं.

शिकून ती परत आली, व्हर्लिन क्रूझशी लग्न केलं आणि शाळेत लागली. दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची ती वाजवायचीच. तिला कधी अडचण वाटली नाही. "कुणी केलं ते रविवारी, कसं झालं ते सोमवारी," असं ती सांगायची, आणि गावानंही ते चालवून घेतलं होतं. दर ऑक्टोबरात उत्क्रांतीचा धडा झाला, की त्याच आठवड्यात ती वर्गाला बसमध्ये घालून व्हर्लिनच्या वडिलांच्या कुरणाकडे न्यायची. तिथे रस्त्याच्या कडेनं दगडी खांबांची लांब ओळ आहे. प्रत्येकानं एकेका खांबापाशी जायचं, शिंपला शोधायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि सांगायचं, हा इथे कसा आला, कशावरून. गावातल्या सगळ्यांनी कधी ना कधी त्या खांबांना हात लावलेला आहे.

मग व्हर्लिनला साखरेनं धरलं. आधी डोळे गेले, म्हणजे उजेड-अंधार कळेल एवढेच उरले, आणि मागोमाग मूत्रपिंडं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही तासाभराच्या अंतरावरच्या शहरात. बाईंची शाळेतली नोकरी सुटली तर घर चालायचं कशावर? पण त्यांना तोंड उघडावं लागलं नाही. चर्चमधली माणसं आपणहून आली. सोमवारी रॉइस हागेमान, बुधवारी शेजारचा ऑर्व्हिल, शुक्रवारी पलीकडच्या शेतावरचे दोघे भाऊ आळीपाळीनं. सकाळी अंगणात पिकअप वाजली, की व्हर्लिन टोपी चढवून तयार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हार्मनमध्ये कुणी कुणाकडे मागत नाही. दिलेलं घ्यायचं, दुसऱ्याला न मागता द्यायचं, पण फोन करून 'जरा येतोस का' म्हणायचं म्हणजे अब्रूच गेली. कोठार जळत असलं तरी मालक शेजाऱ्याला हाक मारणार नाही, आणि शेजारी धूर बघून धावत आल्याशिवाय राहणार नाही. हीच आमची रीत, आणि तिचा आम्हाला भारी अभिमान.

व्हर्लिनला त्या फेऱ्या आवडायच्या. आमच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळखीचा असो नसो. व्हर्लिनला दिसत नसे, तरी गाडी गेल्याचा आवाज आला की विचारायचा, "कोण होतं? बोट उचललं का त्यानं?" आणि उचललं म्हटलं, की स्वतःही एक बोट उचलायचा, गाडी पार लांब गेलेली असली तरी.

त्या वर्षी राज्याच्या राजधानीत शाळांत उत्क्रांती शिकवण्यावरून नुसता धुरळा उडाला होता. पेपरात रोज भांडणं. बाईंना वाटलं, तिकडचं तिकडे राहील. सप्टेंबरात एके संध्याकाळी रॉइस दारात उभा. हा सोमवारी व्हर्लिनला नेणारा रॉइस, कोठाराचा व्यवस्थापक, आणि नुकताच शाळा मंडळाचा अध्यक्ष झालेला. चाळिशी ओलांडली, पोट सुटलं, पण बाईंसमोर बसला की टोपी गुडघ्यावर आणि पाठ ताठ.

"मिसेस क्रूझ, सभेआधी तुमच्या कानावर घालावं म्हटलं. चारचौघांत एकदम कळायला नको."

"कॉफी घे आणि बोल."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शाळेत वाचायचा तसा, अडखळत वाचला. उत्क्रांती हा केवळ एक सिद्धांत आहे. त्यात पुष्कळ उणिवा आहेत. सजीवांची गुंतागुंत पाहता त्यामागे एखाद्या जाणत्या रचनाकाराचा हात असावा, असं काही तज्ज्ञांचं मत आहे. विद्यार्थ्यांनी मन मोकळं ठेवावं.

"हे धड्याच्या आधी वाचायचं. एवढंच. धडा तुम्ही नेहमीसारखा शिकवा."

"काही तज्ज्ञ म्हणजे कोण?"

"असतील ना कुणी. वकिलानं लिहून दिलंय."

"आणि हा जाणता रचनाकार? त्याचं नाव, गाव, काही?"

रॉइस हसला. "तुम्हाला माहीत आहे कोण ते."

"मग सरळ देव लिही की."

"तसं लिहिलं तर सरकारी शाळेत धर्म आणला म्हणून कोर्टात टिकत नाही म्हणे."

बाईंनी चष्मा काढला. "रॉइस, मी दर रविवारी त्याचं नाव मोठ्यानं घेते. तुम्ही मात्र त्याला टोपणनाव देऊन माझ्या वर्गात मागच्या दारानं घुसवताय. त्याला तरी हे आवडेल का?"

आतल्या खोलीतून व्हर्लिन ओरडला, "रॉइस, ज्वारी कापून झाली का? का देवच कापणार आहे यंदा?"

"राहिलीय थोडी," रॉइस म्हणाला. मग आवाज खाली आणून बाईंकडे न बघता बोलला, "माझा थोरला कॉलेजातून नाताळला आला होता. जेवणाआधी आम्ही सगळे प्रार्थनेला डोकं खाली घालून बसलो, आणि तो आपला समोर बघत राहिला, पाहुण्यासारखा. त्याची आई मग स्वयंपाकघरात जाऊन किती वेळ आली नाही बाहेर. आता शेल्बी तुमच्या वर्गात आलीय. मला हे पोर घालवायचं नाहीये."

"तुझा मुलगा माझ्यामुळे गेला, असं म्हणतोस?"

"तसं नाही म्हणत मी. पण कुठूनतरी सुरू होतंच ना."

बाईंना त्याच्या डोळ्यांत खोटं काहीच दिसलं नाही, आणि त्यामुळेच त्यांना जास्त भीती वाटली. लबाड माणसाशी भांडायची त्यांची तयारी होती. हा तर घाबरलेला बाप होता.

"मी नाही वाचणार, रॉइस. खोटं आहे ते."

"बरं," तो म्हणाला. "सोमवारी नेहमीच्या वेळी येतो मी व्हर्लिनला न्यायला." आणि आला.

सभा शाळेच्या जेवणाच्या खोलीत झाली. मंडळाचे पाच सभासद, पाचही बाईंचे विद्यार्थी. पाच हात वर गेले. बाईंना आठवलं, त्या धड्याच्या परीक्षेत या पाचही जणांनी उत्तम लिहिलं होतं. रॉइसनं तर खांबातल्या शिंपल्याचं चित्र इतकं सुरेख काढलं होतं, की ते त्यांनी पुढची कित्येक वर्षं भिंतीवर लावून ठेवलं. सगळं पाठ करून, बरोबर लिहून, हे लोक घरी गेले होते. त्यातलं त्यांनी काहीच सोबत नेलं नव्हतं. आपण इतकी वर्षं नक्की काय केलं, असा प्रश्न बाईंना तिथे, त्या घडीच्या खुर्चीत पहिल्यांदा पडला, आणि मग तो कधीच गेला नाही.

तरी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी वाचणार नाही."

कुणी ओरडलं नाही. मागून एक बाई मायेनं म्हणाल्या, "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू हं, मिसेस क्रूझ." पुढच्या रविवारी चर्चमध्ये खरोखरच केली, नाव घेऊन, आजारी आणि मरणाला टेकलेल्या माणसांच्या ओळीत. बाई ऑर्गनवरच बसल्या होत्या. प्रार्थना संपल्यावर 'आमेन' त्यांनाच वाजवावं लागलं.

त्यानंतरच्या बुधवारी ऑर्व्हिलचा फोन आला. ज्वारीच्या शेतात कापणीचं कंबाइन रुतलंय, आज जमत नाही. बाईंनी रजा टाकली आणि व्हर्लिनला स्वतः नेलं. शुक्रवारी भावांपैकी कुणीच आलं नाही, फोनही नाही. पेरणीचे दिवस होते, खरंच होते. पुढच्या बुधवारी अंगण रिकामं. बाई खिडकीशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि मग गाडीची किल्ली घेतली. वाटेत ऑर्व्हिलची पिकअप समोरून आली. त्यानं स्टिअरिंगवरचं बोट उचललं. बाईंनीही उचललं.

"कोण होतं?" व्हर्लिननं विचारलं.

"ऑर्व्हिल."

"बोट?"

"उचललं."

"मग ठीक आहे," व्हर्लिन म्हणाला.

फोन करावा असं बाईंच्या मनात आलंच नाही, असं नाही. दोनदा रिसीव्हर उचललाही असेल. पण काय म्हणायचं? गावानं आपल्याला शिक्षा दिली आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि शिक्षा देणाऱ्याच्या दाराशी जाऊन हात पसरायचा? शिवाय रॉइस दर सोमवारी बिनचूक येत होता. ते तर आणखी टोचायचं. एकदा धीर करून त्यांनी त्याला विचारलं, "बाकीच्यांना तू काही सांगितलंस का?"

"शपथेवर, नाही," तो म्हणाला. "या असंही नाही, येऊ नका असंही नाही. मी कोण सांगणारा?"

रजा संपल्या. मुख्याध्यापक भले गृहस्थ, ते म्हणाले, "आर्डिथ, आता यापुढे माझ्या हातात काही नाही." त्यात धडा तोंडावर आला होता. ज्या बुधवारी बाईंना काही केल्या निघता येणार नव्हतं, त्या दिवशी सकाळी व्हर्लिन टोपी चढवून, काठी घेऊन व्हरांड्यात बसला होता.

"तू जा शाळेत. ऑर्व्हिल येतोय."

"ऑर्व्हिल? तो कसा काय?"

"मी फोन केला त्याला काल. येतो म्हणाला."

आयुष्यभर जिनं प्रत्येक पोराला 'कशावरून' विचारलं, तिनं त्या सकाळी विचारलं नाही. हार्मनमध्ये जन्मलेला, वाढलेला व्हर्लिन क्रूझ फोन करून मदत मागेल? मेला तरी मागणार नाही. हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण तिला ते खरं हवं होतं. तिनं त्याच्या गालाला गाल लावला आणि शाळेत गेली. शुक्रवारीही व्हर्लिन तसाच टोपी घालून बसला होता, आणि तिनं तसाच गाल लावला.

रविवारी चर्चहून परतल्यावर व्हर्लिनचा बूट निघेना. पाय सुजून पोळीच्या कणकेसारखे मऊ झाले होते. मग तो टेबलाला धरून धापा टाकू लागला. रुग्णवाहिका आली, शहरातल्या दवाखान्यात नेलं, नळ्या लावल्या. तिथली परिचारिका त्याला ओळखत होती. म्हणाली, "अहो, हे बुधवारी आले नाहीत, शुक्रवारी आले नाहीत. आम्हाला वाटलं दुसरीकडे नेलंत."

बाई खाटेशेजारी बसल्या. व्हर्लिनचा श्वास जरा जागेवर आला होता.

"ऑर्व्हिल येतोय म्हणालास."

"म्हणालो खरा."

"दोन्ही दिवस त्या व्हरांड्यात बसून होतास?"

"ऊन छान होतं."

"का, व्हर्लिन?"

"तुझ्या डोक्याला एका वेळी दोन भांडणं नकोत म्हटलं. आधी शाळेचं जिंक. मग माझं बघू."

"मूर्ख माणूस आहेस तू."

व्हर्लिननं त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कशावरून?"

ती हसली, आणि हसता हसता तिचं रडू असं फुटलं, की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पडदा सरकवून पाहिलं. व्हर्लिन तिचा हात चाचपत म्हणत होता, "वाचू नकोस हं, आर्डिथ. ऐक माझं. माझं काय, आज ना उद्या..."

"गप्प बस," ती म्हणाली.

सोमवारी रॉइस दवाखान्यातच आला. बाई त्याला बाहेर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "वाचते मी. उद्या."

रॉइसनं विजयी मुद्रा केली असती तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरून आले. "देव भलं करो तुमचं, मिसेस क्रूझ," तो म्हणाला. "मला माहीत आहे, तुम्हाला किती जड गेलं असेल." त्यांना काय जड गेलं हे त्याला तसूभर माहीत नव्हतं.

मंगळवारी पहिल्याच तासाला त्यांनी कागद हातात घेतला. आवाज तोच खणखणीत. मुलं शांत बसून ऐकत होती. "...एखाद्या जाणत्या रचनाकाराचा हात असावा, असं काही तज्ज्ञांचं मत आहे," इथवर आल्या, आणि मागच्या बाकावरून एक पोरगा निव्वळ सवयीनं ओरडला, "कशावरून?"

सगळा वर्ग हसला. बाई नेहमी अशा वेळी हसायच्या, आणि मग त्या पोराला फळ्यापाशी बोलवायच्या. या वेळी हसल्या नाहीत. वर्गाचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी शेवटची ओळ वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "धडा काढा." पुढच्या बाकावरची शेल्बी हागेमान त्यांच्याकडे बघत होती, आणि बाई पुस्तकाकडे.

त्याच संध्याकाळी व्हर्लिनला घरी सोडलं, आणि बुधवारी सकाळी अंगणात ऑर्व्हिलची पिकअप वाजली. फोन नाही, निरोप नाही, जसा आधी यायचा तसाच. संध्याकाळी त्याची बायको नेडीन सफरचंदाचं गोड सारण भरलेला ॲपल पाय घेऊन आली. ताटली टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आर्डिथ, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? एवढं सगळं होईपर्यंत एक फोन करता आला नाही तुला?"

"मला वाटलं, तुम्ही रागावला आहात."

"आम्ही? अगं, आम्हाला वाटलं तूच रागावलीयस! त्या सभेनंतर चर्चमध्ये तू कुणाकडे बघायला तयार नाहीस. ऑर्व्हिल म्हणाला, आता आपण गेलेलं तिला आवडायचं नाही, उगाच उपकार लादल्यासारखं होईल. बोलावलं तर जाऊ. आणि तू तुझी तू नेत होतीस, मग आम्ही म्हटलं, तिला तसंच हवं असेल. ते दोघे भाऊ तर रोज आम्हाला विचारायचे, जाऊ का, नको का."

बाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे वाचण्या न वाचण्याचा काही संबंध नव्हता?"

नेडीननं ॲपल पाय कापायला सुरी घेतली होती. तिनं ती फडक्याला पुसली. "तसं अगदी नव्हता असं कसं म्हणू," ती म्हणाली. "पण तू बोलावलं असतंस तर आले असते ना गं. कोण नसतं आलं?"

आता यातलं किती खरं, कुणास ठाऊक. कदाचित सगळंच असेल. कदाचित नेडीननं स्वतःची समजूत घालायला ते त्याच दुपारी जुळवलं असेल आणि तोवर त्यावर तिचाच विश्वास बसला असेल. आम्ही गावकरी अजूनही ठामपणे सांगतो, की आम्ही आर्डिथ क्रूझला कधी वाळीत टाकलं नाही. आणि बाईंनी इतर कुणाला विचारलं नाही. एक फोन केला नाही म्हणून आपल्याला तो कागद वाचावा लागला की काय, हे जाणून घेण्याची त्यांच्यात ताकद उरली नव्हती. त्यांनी ॲपल पाय खाल्ला. छान झाला होता, तसं सांगितलं.

शुक्रवार हा कुंपणाचा दिवस. त्या न्यायला नको म्हणू शकल्या असत्या, पण बस आधीच सांगून ठेवलेली होती आणि मुलं आदल्या दिवसापासून उड्या मारत होती. त्या शुक्रवारी भावांची पेरणी अडली म्हणून रॉइसच व्हर्लिनला घेऊन शहरात गेला होता.

वारा होता. गवत पिवळं पडलेलं. मुलं खांबांवर पांगली. "मला सापडला!" "हा बघ केवढा!" अशी ओरड चालली होती. दरवर्षी बाई पहिल्या खांबापासून सुरू करायच्या आणि प्रत्येकापाशी थांबायच्या. या वर्षी त्या रस्त्याच्या कडेला हात खिशात घालून उभ्या राहिल्या.

शेल्बीनं हाक मारली, "मिसेस क्रूझ, इकडे या ना!"

त्या गेल्या. शेल्बीचं बोट शिंपल्यावर होतं. चांगला तळहाताएवढा, रेघान् रेघ दिसणारा.

"मी काल आजोबांना विचारलं, हे शिंपले इथे कसे आले," शेल्बी म्हणाली. "ते म्हणाले, नोहाच्या पुरात. मग मी म्हटलं, कशावरून?"

आसपासची दोन-चार मुलं जवळ सरकली.

"मग ते खूप हसले. म्हणाले, हा शब्द मी ओळखतो. ते तू मिसेस क्रूझनाच विचार." तिनं मान वर केली. "तर आता तुम्ही सांगा."

शहराच्या बाजूनं पिकअप येत होती. बाईंनी लांबूनच ओळखली. रॉइसनं वेग कमी केला, मुलांकडे बघून हसला आणि स्टिअरिंगवरचं बोट उचललं. शेजारी व्हर्लिन बसला होता, टोपी मागे सरकलेली, चेहऱ्यावर रंग परत आलेला. रॉइसनं त्याला काहीतरी सांगितलं असावं, तुझी बायको उभी आहे, असं काही. व्हर्लिननं घाईनं बोट उचललं, पलीकडच्या बाजूला, जिथे नुसतं रिकामं शेत होतं.

बाईंनी हात वर केला आणि गाडी चढावापलीकडे जाईपर्यंत तसाच ठेवला.

"सांगा ना," शेल्बी म्हणाली.

त्यांच्याकडे उत्तर होतं. आयुष्यात दुसरं काही नसलं तरी तेवढं एक उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि विचारणारी पोरगी समोर उभी होती, बोट बरोबर जागेवर ठेवून. सोमवारी पुन्हा पिकअप यायची होती, बुधवारी, शुक्रवारी.

"तुझ्या आजोबांनाच विचार," आर्डिथबाई म्हणाल्या. "चला रे, बस थांबलीय."

शेल्बीनं शिंपल्यावरचं बोट काढलं, जीन्सला पुसलं आणि बाकीच्यांच्या मागोमाग बसकडे निघाली.